घासलेलं बिंदगं

केजच्या थोडं अलीकडे, वाटेच्या कडेला वसलेल्या एका लहान गावात बायनाबाई राहत असे. आसपासच्या गावांत तिची ओळख एकच होती, आंबिलवाली. लग्नघरी, बारशाला, कुठंही गेली तरी कुणीतरी म्हणायचंच, "आली बगा आंबिलवाली!" त्यावर ती पदर सारखा करून म्हणायची, "आंबील माझी न्हाई गं बायांनो, मनकर्णेची हाय."

बाया हसायच्या. "बगा, एवढं हातात हाय अन् मोठेपना न्हाई!"

बायनाबाईचा चेहरा उतरायचा. ताटातला घास ती चिवडत बसायची. खाण्याचा तिच्याइतका नाद असलेल्या बाईनं घास चिवडावा, ही काही साधी गोष्ट नव्हती.

तो नाद तिनं माहेराहून आणला होता. माहेर नेकनूरकडचं. मानमोडीच्या तापाची साथ ओसरली त्या सालात लग्न होऊन ती विठ्ठलराव पाटलांच्या घरात आली. विठ्ठलराव गावचे मालीपाटील. सारा गोळा करून केजच्या तहसिलीत भरायचा मान त्यांचा. एरवी औत स्वतःच धरायचे. नवरा धोंडीराम मुका म्हणावा इतका शांत. आणि सासू कौशल्याबाई? तिच्या तोंडून कुणाची स्तुती निघालेली गावानं ऐकली नव्हती. नव्या सुनेबद्दल ती शेजारच्या गीताबाईला म्हणाली होती, "देवाला हात जोडती तवाबी हिचं नाक निवदाकडं असतंय."

गीताबाई म्हातारी, एकटी, जिभेची तिखट. ती म्हणाली, "मंग माझ्याकडं धाड तिला. आमचं दोघीचं जमंल."

आणि जमलंच. पण बायनाची खरी मैत्री जमली ती गावाबाहेर.

मळ्याच्या वरच्या अंगाला बाजरी निघून मोकळं झालेलं रान होतं. दर हिवाळ्यात धुळाजी धनगर आपल्या मेंढ्या तिथं बसवायचा. लेंड्यांनी रान कसदार व्हायचं, बदल्यात पाटील त्याला धान्य द्यायचे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात धान्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन बायना तळावर गेली, तर धुळाजीची बायको मनकर्णा तीन दगडांच्या चुलीपाशी बसून वाटीतून काहीतरी पीत होती. बायनाच्या आधी बायनाचं नाक तिथं पोचलं.

"काय पिताय वो?"

मनकर्णेनं मान वर केली. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर मोठं गोंदण. "आंबील. कावून?"

"वास लई झ्याक येतोय."

"मंग वासच घ्या. पाटलाची सून धनगराच्या वाटीत तोंड घालनार व्हय?"

"कोन बगतंय?"

"मेंढ्या बगत्यात की."

"त्या सांगायला जात्यात व्हय आत्याबाईला?"

मनकर्णा खदखदून हसली आणि तिनं वाटी पुढं केली. आंबील बायनाच्या घरीही व्हायची. ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं, रात्रभर आंबवायचं, शिजवून गार करायचं, वर लसूण-मिरची. यात नवं काहीच नव्हतं. पण या आंबिलीचा आंबटपणा जिभेवर उडी मारत नव्हता. तो हळूच यायचा, टाळूला टेकायचा आणि गिळल्यावरही मागं राहायचा. बायनानं वाटी चाटून पुसून खाली ठेवली.

"काय घालतीस गं हिच्यात?"

"घालत काय न्हाई. भांडंच घालतंय." मनकर्णेनं चुलीमागचं भांडं दाखवलं. लहान तोंडाचं, काळं पडलेलं मातीचं बिंदगं. "माझ्या आईचं. तिला तिच्या आईनं दिलेलं. बुडाला थोडी ठिवायची, तिच्यावरच नवी कालवायची. अन् आतनं कदी घासायचं न्हाई. पान्यानं इसळायचं, बास. आंबटपना त्याच्या अंगात मुरलाय. घासला की गेला."

त्या दिवसापासून हिवाळा आला की बायनाचे डोळे वरच्या रानाकडे लागायचे. ती ओच्यातून तिळाची चटणी न्यायची, कधी गुळाचा खडा, कधी सांडगे. मनकर्णा मेंढीच्या दुधाचं दाट दही राखून ठेवायची. दोघी चुलीपाशी बसून खायच्या आणि खाण्याबद्दलच बोलायच्या. धुळाजी म्हणायचा, "ह्या दोघीला सरगात धाडलं तर आदी तितला सैपाक इचारतील."

असे काही हिवाळे गेले. मग ती येळवस आली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, सारं गाव रानात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून आत मांडायचे, पूजा करायची. मग जेवण. ओल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या, वालाच्या दाण्यांची डाळीच्या पिठातली दाट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. बांधावर उभं राहून हाळी मारायची, शेजाऱ्याला, वाटसरूला, ज्यानं म्हणून या रानासाठी हात हलवला त्याला. हाळी ऐकून आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही.

विठ्ठलरावांच्या घरची आणखी एक रीत होती. जिच्या हातची आंबील, तिनं घोंगडी पांघरून आंबिलीचं भांडं डोक्यावर घ्यायचं आणि रानाला फेरी घालत आंबील शिंपडायची. हा मान आजवर कौशल्याबाईचा. त्या साली तिचे गुडघे धरले होते.

"आंबील यंदा तू कर," ती सुनेला म्हणाली. "अन् नीट कर. केजचे पेशकारसाब येनार हायेत. तुज्या मामंजीनं आवतान देऊन ठिवलंय."

पेशकार म्हणजे तहसिलीतले अधिकारी, हैदराबादकडचे, खाण्याचे दर्दी. त्यांच्यासमोर मातीचं गाडगं कसं ठेवायचं, असं बायनाच्या मनानं घेतलं. तिनं माळ्यावरून पितळेची मोठी घागर काढली, चिंचेनं बाहेरून सोन्यासारखी लखलखीत केली आणि पीठ-ताक तिच्यात कालवून ठेवलं. बाहेरून घासली, आत हात घालून बघितलं नाही. आतली कल्हई कधीचीच उडाली होती.

अमावस्येच्या सकाळी तिनं झाकण काढलं, तर कडेनं हिरवट वर्तुळ. बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. आंबील कळकली होती. जनावरालाही घालता आली नसती.

बाहेर धोंडीराम बैल जुंपत होता. कौशल्याबाई भज्जीचं पातेलं गाडीत ठेवायला कुणाला तरी हाका मारत होती. बायनानं परसातल्या खड्ड्यात घागर उलटी केली आणि मागच्या दारानं वरच्या रानाकडे पळत सुटली.

"मनकर्णे! माझा घात झाला गं!"

मनकर्णेनं सगळं ऐकून घेतलं. "पितळंत? अगं, तुला अक्कल हाय का न्हाई?"

"न्हाई. कुटं हाय? आता काय करू ते सांग."

मनकर्णेनं चुलीमागं बघितलं. बिंदगं काठोकाठ भरलेलं होतं. धुळाजीची, त्याच्या भावाची, दोन्ही घरच्या लेकरांची येळवस त्यात होती.

"घेऊन जा."

"अन् तुमाला?"

"आमाला ताक हाय."

"न्हाई न्हाई. असं कर, समदे आमच्या कोपीवर या. म्या बांधावरनं हाळी मारीन. पयली वाटी तुला देईन, मामंजीच्या आदी. शपथ."

"शपथ नको घेऊस. भज्जी जास्त ठिव." मनकर्णेनं बिंदग्याला आपलं धुतलेलं लुगड्याचं फडकं गुंडाळलं आणि ते तिच्या हातात दिलं. "जा. तुझी सासू हाका मारत असंल."

पेशकारसाहेब घोड्यावरून आले. त्यांना दुपारी परत केजला जायचं होतं, म्हणून पूजा होताच विठ्ठलरावांनी पहिली वाटी त्यांच्याच हातात दिली. पहिली वाटी कुणाची होती, हे फक्त बायनाला ठाऊक होतं. ती कोपीच्या मागं पदर ओढून उभी होती. कडब्याच्या फटीतून तिला साहेबांची मिशी दिसत होती.

साहेबांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग डोळे मिटून वाटी रिकामी केली.

"अरे पाटील! ये क्या पिला दिये आप? किसके हाथ की है?"

विठ्ठलरावांची छाती फुगली. "आमच्या सूनबाईची, साब!"

आता बोलायचं, असं बायनाला वाटलं. तोंड उघडलंही असेल. तेवढ्यात कौशल्याबाईनं वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खरंच हाय. माज्यापरीस हात चांगला हाय हिचा."

बायना जागची हलली नाही. इतक्या वर्षांत त्या तोंडून आलेलं पहिलं चांगलं वाक्य. ते परत कसं करायचं?

"पूछो तो सही, क्या डालते?"

"सूनबाई," विठ्ठलरावांनी हाक दिली, "साब इचारत्यात, काय घालतीस?"

आणि बायनाच्या तोंडून जे निघालं ते तिचं नव्हतंच. "घालत काय न्हाई, मामंजी. भांडंच घालतंय."

"वाह!" साहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. "क्या बात बोले!"

विठ्ठलरावांनी घोंगडी आणली, सुनेच्या डोक्यावर पांघरली, वर ते बिंदगं ठेवलं. बायना फेरीला निघाली. लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत ती उभ्या ज्वारीच्या कडेनं चालली. मागं सगळं घर, गीताबाई, साहेबसुद्धा. वरच्या बांधाशी ती वळली आणि समोर बघितलं.

बांधापलीकडे मनकर्णा उभी होती. नवं लुगडं नेसून. बाजूला लेकरं, प्रत्येकाच्या हातात वाटी. धुळाजीनं मुंडासं बदललं होतं. ती माणसं हाळीची वाट बघत होती.

एक हाक मारायची होती. पण हाक मारली की ती येणार, लेकरं बिंदगं ओळखणार, 'आमचं बिंदगं!' म्हणून ओरडणार. मागं साहेब. मागं आत्याबाई. बायनाच्या डोक्यावरचं भांडं एकदम जड झालं. तिनं डहाळी दुसऱ्या बाजूला झटकली आणि पुढं चालू लागली.

मनकर्णेनं हाक मारली नाही. ती बघत राहिली. मग तिनं एकेका लेकराच्या हातातली वाटी काढून घेतली, एकात एक ठेवली आणि तळाकडे वळली.

जेवणात आंबील पुरली नाही. गीताबाईनं शेवटी बिंदगं तिरपं करून बुडाचं सगळं आपल्या वाटीत ओतून घेतलं. "हे माझ्या घरच्या मडक्याला इरजन लावते," ती म्हणाली. बायनाला ते ऐकूही आलं नाही.

घरी आल्यावर कौशल्याबाईनं परसात ते भांडं बघितलं. "हे कुटलं गं बिंदगं?"

"आपलंच, आत्याबाई. जुनं. माळ्यावर व्हतं."

"कसलं काळं पडलंय! आतनं वास मारतोय. घास चांगलं."

"इसळते की."

"इसळून काय व्हतंय? घास. आपलं हाय ना?"

आपलं असतं तर घासायला हरकत काय? बायनानं राख घेतली, चिंच घेतली. सासू ओट्यावर बसून बघत होती. बायनाचा हात आत जात होता आणि बाहेर येत होता. तिला मनकर्णेचं बोलणं आठवत होतं, एकूण एक शब्द आठवत होता, आणि हात थांबत नव्हता.

दिवस मावळायच्या आत तिनं बिंदग्यात खीर भरली आणि तळावर गेली. मनकर्णा मेंढ्यांभोवती वाघूर, जाळीचं कुंपण, लावत होती. रागावली नव्हती, निदान दिसत तरी नव्हती.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"मनकर्णे, ते साब मागं व्हते म्हनून…"

"असू दे." तिनं खीर दुसऱ्या भांड्यात काढली, बिंदगं इसळायला घेतलं आणि तिची बोटं आत थबकली. तिनं ते नाकाशी नेलं.

"घासलंस?"

"आत्याबाई समूर बसल्या व्हत्या. म्या म्हनले आपलं हाय, मंग…"

"राखेनं?"

"राखेनं. अन् चिंचेनं."

मनकर्णा बराच वेळ बिंदग्याच्या तोंडाशी नाक लावून बसली. "कुंभाराकडनं आनल्यागत वास येतोय," ती म्हणाली. "मातीचा." एवढंच. मग तिनं ते चुलीमागं ठेवून दिलं, जिथं ते नेहमी असायचं तिथंच.

त्या हिवाळ्यात धुळाजीचा तळ लवकर हलला.

गावात मात्र बायनाचं नाव झालं. पाटील चावडीत सांगायचे, साहेब केजला सांगायचे. कुणाकडे कार्य निघालं की निरोप यायचा, आंबील तुमच्या सुनेनं करावी. बायना कारणं सांगायची. ज्वारी किडकी निघाली. ताक गोड हाय. मडकं फुटलं. चोरलेलं तोंडावर फेकून मारल्यासारखी ती स्तुती तिला लागायची. आणि तिची भूकच मेली. धोंडीराम, जो कधी बोलत नसे, तोही म्हणाला, "बरं न्हाई का तुला? शेंगदानं भाजताना एक बी तोंडात टाकला न्हाईस."

उन्हाळ्यात एकदा गीताबाईनं तिला भिंतीवरून हाक मारली. "ये गं बायने, ऊन लई हाय. आंबील पी. तुझीच हाय."

बायनानं वाटी तोंडाला लावली. आंबटपणा हळूच आला, टाळूला टेकला, गिळल्यावरही मागं राहिला.

तिनं वाटी खाली ठेवली. "आजी, ही कुटनं आली?"

"कुटनं म्हंजी? येळवसीला तुज्या भांड्याच्या बुडाची न्हेली न्हवं का? तवापसनं मडकं रिकामं पडू दिलं न्हाई."

बायना ओट्यावर बसली आणि रडायला लागली. गीताबाईनं आधी पाठीवरून हात फिरवला. मग सगळं ऐकून झाल्यावर तो हात काढून घेतला.

"लेकरं वाट्या घेऊन उभी व्हती?"

"व्हय."

"अन् तू बगितलंस?"

"व्हय, आजी."

गीताबाई उठून आत गेली. आतून मडकं झाकल्याचा आवाज आला.

"मला वाटीभर द्या," बायना म्हणाली. "म्या वाढवते. हिवाळ्यात ती आली की गुपचूप तिच्या तळावर न्हेऊन देते."

"थेंब देनार न्हाई."

"आजी!"

"गुपचूप आनलंस, गुपचूप देनार? मानाची फेरी समद्यांच्या देखत घातलीस ना? मंग हाळीबी समद्यांच्या देखत मारायची. ती आली तर म्या माझ्या हातानं तिला देईन. न्हाई आली तर माझी म्या पीन."

"अन् तवर तुमाला काय झालं तर?"

"मंग माझी चांगली काळजी घे," गीताबाई म्हणाली. "उद्या पुरनपोळी कर."

पुढच्या हिवाळ्यात धुळाजी आला, पण मेंढ्या त्यानं ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या रानात बसवल्या. विठ्ठलराव धुसफुसले. "धुळ्याला काय कमी केलं म्या? इचारलं तर म्हनतो, बायकूला इचारा. तिला इचारलं तर ती म्हनती, तुमच्या रानात आता माती लई चांगली झालीय, आमची गरज न्हाई."

माती हा शब्द बायनाला बरोबर जिथं लागायचा तिथं लागला.

येळवशीला साहेब पुन्हा आले. घोड्यावरून उतरताच म्हणाले, "पाटील, साल भर इंतजार किये!" कोपीत पांडव मांडलेले, भज्जीला वाफ येत होती. गीताबाई मांडीवर एक झाकलेलं मडकं घेऊन बसली होती आणि बायनाकडे टक लावून बघत होती. विठ्ठलरावांनी घोंगडी झटकली.

"ये, सूनबाई. आंबील कुटं हाय?"

बायनानं घोंगडी घेतली नाही. ती बांधाकडे चालायला लागली. बांधावर चढली. ओढ्यापलीकडे धूर दिसत होता. पदर खांद्यावर घसरला होता, साहेब बघत होते. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"मन-कर्-णे! ए मनकर्णे, हो-ओ-ओ!"

ज्वारीवरची पाखरं उडाली. मग पलीकडून, शांतपणे:

"कोन बोलीवतंय?"

"म्या! बायना!"

"कशाला?"

"जेवायला!"

"जेवलो आमी!"

"खोटं बोलू नको! या समदे!" बायनाचा आवाज फाटला. "तुझी आंबील प्यायला ये! गेल्या साली आमी तुझीच पिली! फेरी तुझ्याच बिंदग्याची व्हती! म्या तुला बगितलं अन् हाळी मारली न्हाई! बिंदगंबी म्याच घासलं! ये की गं, पाया पडते!"

बोलून झालं तेव्हा मागं कोपीपाशी भज्जीच्या पातेल्यावरचं झाकण तेवढं वाजत होतं. बायना वळली नाही. वळायला भीती वाटत होती. कौशल्याबाई गुडघे धरत तिच्यामागं येऊन उभी राहिली.

"बिंदगं घास म्हनून म्या सांगितलं व्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तवा बोलायचं न्हाई व्हय तुला?"

"तुमी चांगलं म्हनला व्हता, आत्याबाई. पयल्यांदाच."

कौशल्याबाईनं तोंड फिरवलं. त्या घासण्याचा वाटा तिच्यावरही येऊन पडला होता. तो तिनं कुणाला दाखवला नाही.

मनकर्णा आली. घाई न करता, ओढा ओलांडून, मागं धुळाजी, त्याचा भाऊ, लेकरं. लेकरांच्या हातात वाट्या नव्हत्या. बायनाकडे तिनं बघितलं नाही. गीताबाईनं मडकं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"तुझं हाय हे. तुज्या बुडाचं. वाळू दिलं न्हाई म्या."

मनकर्णेनं झाकण काढलं, वाटी भरून घेतली. सगळं रान तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती प्यायली. पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"तुमच्या चुलीचा धूर लागलाय हिला, आजी."

"लागला असंल. वरीस झालं माज्याकडं हाय."

"पर ओळकू येती." तिनं मडकं पोटाशी धरलं. "आईचीच हाय."

साहेबांना सगळं कळलं होतं की थोडंच, कोण जाणे. पण त्यांनी उठून, हात कपाळाला लावून तिला सलाम केला. "तो उस्ताद ये हैं, पाटील."

विठ्ठलराव मान खाली घालून उभे होते. त्यांनी घोंगडी दोन्ही हातांवर घेऊन पुढं केली. "मनकर्णे, आमच्या घरची रीत हाय. जिची आंबील, तिच्या डोईवर…"

"म्या न्हाई फिरनार तुमच्या रानात." मनकर्णेनं घोंगडी बाजूला सारली. "गेल्या येळवसीला माझी मानसं उपाशी बसली व्हती. आदी त्येंला वाढा."

पानं मांडली गेली. बायनानं वाढलं. भज्जी, उंडे, खीर, पुन्हा भज्जी. मनकर्णेच्या पानाशी ती वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "राग गेला का गं?"

मनकर्णेनं भज्जीत उंडा बुडवला. "तुरीचे दानं कमी हायेत हिच्यात," ती म्हणाली. "वाढ."

पुढच्या हिवाळ्यापासून धुळाजीच्या मेंढ्या परत वरच्या रानात बसायला लागल्या. येळवशीची फेरी, गुडघे धरत का होईना, पुन्हा कौशल्याबाईकडे गेली, आणि तिच्यानंतर बायनानं ती कधी घातली नाही, धोंडीरामनं घातली. पण 'आंबिलवाली' हे नाव काही सुटलं नाही. गाव दिलेलं नाव परत घेत नाही. रानात ऐकलेली माणसं खरं सांगायची, बाकीच्या गावांत ते पोचायच्या आतच हे नाव पोचलेलं असायचं.

दर येळवशीला मनकर्णा आपल्या बिंदग्यातली पहिली वाटी बायनाबाईसमोर ठेवायची आणि दर येळवशीला बायनाबाई आधी तिला प्यायला लावून विचारायची, "आली का गं चव? पयलीवानी?"

"अजून न्हाई," मनकर्णा म्हणायची. "धूर हाय थोडा."

गीताबाई गेली. विठ्ठलराव गेले, कौशल्याबाई गेली. दोघी मैत्रिणींचे केस पिकले. प्रश्न तोच, उत्तर तेच. बायनाबाईला ते उत्तर हवंसं वाटायला लागलं होतं. निदान ते खरं होतं.

मग एका येळवशीला मनकर्णा आली ती काठी टेकत. दम लागत होता, वाटेत दोनदा बसली होती म्हणे. तिनं वाटी भरली, एक घोट घेतला आणि बायनाबाईनं विचारायच्या आधीच म्हणाली, "आली गं."

"काय आली?"

"चव. पयलीवानी. आईची." तिनं वाटी पुढं केली. "आता इचारू नको परत. पी."

बायनाबाईनं वाटी घेतली. एक घोट घेतला. पहिल्या दिवशीची ती चव, मेंढ्यांच्या साक्षीनं चाटून पुसून प्यायलेली, तिच्या जिभेवर आजही जशीच्या तशी होती. त्यामुळं तिला लगेच कळलं. धूर होता.

मनकर्णा तिच्याकडे बघत होती.

"आली का न्हाई?"

"आली," बायनाबाई म्हणाली, आणि वाटी रिकामी केली.